बोर्डाला घातलेला हार

आमच्या घरी सकाळ व्हायची ती फुलांच्या आवाजानं. फुलांना आवाज नसतो असं म्हणणाऱ्यानं झेंडूचं भरलेलं पोतं फरशीवर ओततानाचा आवाज ऐकलेला नाही. बाळापूरजवळ काकांचं वावर होतं, फुलं त्यांच्याकडून यायची, आणि अकोल्यात जुन्या शहरातल्या एका बोळीच्या तोंडाशी आमचं हारांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढची खोली. मागच्या खोलीत आम्ही राहायचो. पहिल्या गाडीनं आलेलं पोतं बाबा खांद्यावर घालून आणायचे आणि मधल्या फरशीवर उलटं करायचे. तो ओला, जड आवाज ऐकला की आई चुलीवरचा चहा उतरवायची आणि मी डोळे चोळत सुई शोधायची. शाळेला जायच्या आधी लडी ओवून व्हायच्या. चहात पाव बुडवून खाताना पावालासुद्धा झेंडूचा वास यायचा. मला तो वास कधी जाणवला नाही. जन्मापासून नाकात असलेला वास माणसाला कुठून जाणवणार?

बाबा हार ओवायचे तेव्हा बोलायचे नाहीत. एरवीही फार बोलायचे नाहीत. पण हाराच्या मापाबद्दल त्यांचं एक ठरलेलं होतं आणि ते मला चालता यायच्या आधीपासून ऐकू येत असावं. "हार ज्याले घालाचा त्याच्यापरमानं ओवा लागते," ते म्हणायचे. "फोटोचा हार फ्रेमच्या भायेरून पडला पायजे. तोंडावर फूल आलं का तो हार नाही, पडदा झाला." गिऱ्हाईक फोटोचं माप घेऊन आलं नाही तर ते त्याला परत पाठवायचे. हाराच्या खाली लोंबणाऱ्या गोंड्यावर तर त्यांचा विशेष जीव. निशिगंधाचा, मधोमध एक गुलाब, आणि तो कुठे येऊन थांबेल हे ते ओवायला बसण्याआधी बोटांनी हवेत दाखवायचे. माप चुकलेला हार आमच्या दुकानातून कधी गेला नाही. एकदा सोडून. त्या एकदाचीच ही गोष्ट आहे.

तिशी ओलांडता ओलांडता कुणी आठवणी लिहायला बसत नाही, हे मला माझ्या नवऱ्यानं सांगून झालं आहे. म्हातारपणी लिही, म्हणाला. म्हातारपणी माणसं क्षमाशील होतात असं ऐकलं आहे, म्हणून मी आत्ताच लिहून घेते.

दहावीला मला बरे गुण पडले आणि बाबांनी मला पुलापलीकडे, नव्या शहरातल्या एका क्लासला घातलं. मोर्णा नदीचा पूल ओलांडला की अकोला बदलायचं. इकडे बोळी, बकऱ्या, कचोरीच्या कढया. तिकडे रुंद रस्ते आणि प्रत्येक इमारतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो. आमच्या क्लासच्या सरांचं मोठं नाव होतं. ते शिकवायचेही चांगले, हे मी नाकारत नाही. शिकवता न येणाऱ्या माणसाचा इतका राग येत नाही. सरांचा मुलगा अथर्व आमच्याच बॅचला होता. गोरा, उंच, कायम दोन्ही हात खिशात, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या डोक्यावरून बघायची सवय.

अकरावीच्या पावसाळ्यात क्लासमध्ये तो बोर्ड आला. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. दारापेक्षा रुंद काळी काच, चारी बाजूंनी बोटभर उंच काठ, आणि चालू केल्यावर भिंतभर उजेड. सर बोटानं रेघ ओढायचे आणि रेघ उमटायची, दोन बोटांनी ताणलं की बेडकाचं हृदय खोलीएवढं व्हायचं. आम्ही तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पण त्या बोर्डाचा खरा उपयोग दुपारी सुरू व्हायचा. सर जेवायला घरी गेले की अथर्व पेनड्राइव्ह लावायचा आणि बेडकाच्या हृदयाच्या जागी एक निळं मैदान यायचं. मधोमध एक पांढरी रेघ, दोन टोकांना फुटबॉलसारखे दोन गोल, आणि एक लाल चकती. एकानं डावीकडे उभं राहायचं, एकानं उजवीकडे. आपल्या बाजूला काचेवर हात ठेवला की हाताखाली एक गोल थापी यायची, हात नेऊ तिकडे ती जायची. तिनं चकती टोलवून समोरच्याच्या गोलात घालायची. बस, एवढाच खेळ. मोबाइलवर तो अंगठ्यांनी खेळायचे. इथे अख्खं अंग लागायचं. खाली वाकायचं, टाचा उचलून वर पोचायचं, खांद्याला खांदा घासायचा, आणि मागे सगळी बॅच डबे हातात धरून आरडाओरडा करायची.

मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पोट्टे हसले. मी ओढणी कमरेला खोचली आणि अथर्वला हरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवलं. त्यात माझं कौतुक काही नाही. सुई एका हातात आणि फूल दुसऱ्या हातात घेऊन जी पोरगी रोज सकाळी न बघता लडी ओवते, तिचा हात चकतीच्या आधी पोचणारच. अथर्व कायम डाव्या बाजूला उभा राहायचा, कारण तिकडून दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो दिसायचा. मी उजवीकडे. त्या अर्ध्या तासासाठी मी पूल ओलांडत होते, असं म्हटलं तरी चालेल. घरी भाकरी आणि झुणक्याचा घास तोंडात असताना माझा हात ताटाभोवती फिरायचा आणि आई म्हणायची, "काय करून राहिली व? माश्या मारून राहिली काय?"

मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला जे चालतं त्या सगळ्याला हार पडतो. रिक्षाला, वजनकाट्याला, शिलाई मशीनला, विहिरीवरच्या मोटारीला. क्लासमध्ये चालणारं असं एकच होतं. सरांच्या मिसेसनी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, बोर्डाची पूजा केली, काचेच्या काठावर कुंकू लावलं आणि रस्त्यावरच्या ढिगातून उचललेला एक जाडजूड हार डाव्या कोपऱ्यावर अडकवून टाकला. तो आमच्या दुकानातला नव्हता, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. त्याला माप नव्हतं. अर्धा काठावर, अर्धा काचेवर, लोंबत होता. आणि काकूंचा नियम असा की पूजेचा हार हातानं काढायचा नाही, वाळून आपोआप उतरला पाहिजे. आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच असतं, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी सरांनी मला भिंगाची आकृती काढायला बोर्डाजवळ बोलावलं. मी एक किरण काढला. दुसरा काढत होते तर पहिल्याच्या शेजारी आपोआप एक वेडीवाकडी रेघ उमटली. मग आणखी एक. मग पान उलटलं. मी हात मागे घेतला तरी बोर्डावर कुणीतरी खरडत होतं. वर्ग हसायला लागला. सर म्हणाले, "काय केलंस?" मी म्हटलं, काहीच नाही. तेव्हा मागच्या बाकावरून, दोन्ही हात खिशात ठेवून, अथर्व म्हणाला, "बाबा, तिचे हात बघा ना. पिवळे असतात नेहमी. फुलांचा चिकट लागतो काचेला. रोज."

सरांनी माझे हात बघितले. वर्गासमोर, तळवे वर करून. बोटांच्या पेरांवर झेंडूचा रंग होता, तो साबणानं जात नाही, आजही जात नाही. सरांनी बोर्डाची काच हुंगून बघितली. खरंच हुंगून बघितली. आणि म्हणाले, "उद्यापासून तू बोर्डाला हात लावायचा नाही. कळलं? उत्तर जागेवरून सांगायचं, अथर्व लिहील."

त्या दिवसापासून माझी उत्तरं अथर्वच्या हातानं बोर्डावर उमटायला लागली. मी बाकावरून सांगायची, तो लिहायचा, आणि लिहिताना मध्येच थांबून "हं, पुढे?" असं विचारायचा. दुपारच्या खेळाचं तर विचारायलाच नको. सरांनी मनाई केली होती ती अभ्यासापुरती, पण आता तीच मनाई अथर्व राखत होता आणि स्वतः खुशाल खेळत होता. मी पुढे गेले की कुणीतरी ओरडायचं, "हात! हात!" मी डबा घेऊन परत बाकावर. ज्यांच्या डब्यात मी आठवडाभर आधी लोणचं वाढलं होतं तीही ओरडत होती. त्यांची नावं मला पाठ आहेत. इथे लिहीत नाही, पण पाठ आहेत.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण सरांनी बाबांना बोलावलं. बाबा दुकानातून तसेच आले, खांद्यावर टॉवेल, पायात स्लीपर. सरांनी त्यांना बसा म्हटलं नाही. ऑफिसचं दार उघडं होतं आणि बाहेर अख्खी बॅच उभी होती. "महागडी वस्तू आहे," सर म्हणाले. "मुलीला जरा स्वच्छ राहायला शिकवा. हात धुऊन पाठवत जा." बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "हो सर." बस. एवढंच. मी दाराशी उभी होते आणि मला वाटत होतं की आता ते काहीतरी बोलतील, आपल्या मापाच्या हारांबद्दल, माझ्या गुणांबद्दल, काहीही. ते नुसते "हो सर" म्हणाले आणि पूल ओलांडून परत दुकानात जाऊन बसले. रात्री जेवताना आईनं विचारलं, "काय म्हने सर?" बाबा म्हणाले, "काही नाही. पोट्टी हुशार हाय म्हने." आणि भाकरी मोडली. मी त्या दिवशी सरांपेक्षा बाबांवर जास्त चिडले होते. ज्या माणसाला हाराचं एक फूल इकडचं तिकडे झालेलं चालत नाही त्याला हे कसं चालतं, हे मला कळत नव्हतं. मी जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं.

बाकावर बसवलेल्या माणसाला दुसरं काम नसतं, तो बघत राहतो. मीही बघत राहिले. बोर्ड अजून बिघडलेलाच होता. डाव्या बाजूला जो कुणी खेळेल त्याची थापी मध्येच उडी मारून वरच्या कोपऱ्यात जायची, म्हणून अथर्वही शिव्या देत उजवीकडे सरकला होता. "तिनं खराब केलेली बाजू आहे ती," तो म्हणायचा. एका दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त बोर्ड चालायचा, पंखे बंद. आणि बोर्ड शहाण्यासारखा चालायला लागला. लाइट आली, पंखा फिरला, कोपऱ्यातला वाळका हार हलला आणि थापीनं त्याच्याकडे उडी मारली. मी बाकावरून उठले आणि परत बसले. दुसऱ्या दिवशी क्लासला सगळ्यांच्या आधी आले, पेन्सिल काचेजवळ नेली, काचेला टेकू दिली नाही, तरी ठिपका उमटला. तेव्हा लक्षात आलं. त्या बोर्डाला बोट वगैरे काही कळत नाही. काठातून काचेवर न दिसणाऱ्या उजेडाची जाळी टाकलेली असते आणि तिच्या आड येऊन जे हलेल त्याला तो बोट समजतो. माणसाचं असो, झेंडूचं असो.

मी काय करायला हवं होतं, हे शहाणी माणसं सांगतील. सरांना जाऊन सांगायचं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, "अच्छा, असं होय," हार काढला असता, आणि तो दिवस, ते तळवे वर करून दाखवणं, ते "हो सर", सगळं तसंच राहिलं असतं. मला हार काढायला नको होता. मला सरांच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत, "लाव हात" हे दोन शब्द हवे होते. दुसरं काही नको होतं. दिवाळीच्या आवराआवरीत हार गळून पडला, काकूंनी तो नदीत सोडला आणि बोर्ड नीट झाला. सर वर्गात म्हणाले, "बघितलं? हिचा हात लागायचा थांबला आणि बोर्ड सुधारला." वर्गानं माझ्याकडे बघितलं. मी खाली वहीत बघत होते आणि अक्षरशः दात खात होते.

मांजर उंदराच्या बिळापाशी किती वेळ बसू शकतं हे आमच्या बोळीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी हिवाळाभर बसले.

मग बातमी आली की सर अमरावतीला शाखा काढताहेत. पाडव्याचा मुहूर्त, मोठा हॉल, आणि आमच्या बोर्डाच्या दीडपट मोठा नवा बोर्ड. काकू स्वतः दुकानात आल्या. दाराला तोरण, गणपतीच्या फोटोला हार, आणि बोर्डाला एक मोठा हार, "छान, भरगच्च". क्लासमधल्या पोरीचं दुकान म्हणून आमच्याकडे आल्या होत्या. सरांनी बाबांना बोलावून काय सुनावलं होतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाबांनी बोर्डाचं माप विचारलं, काकूंनी फोनवरून विचारून सांगितलं. त्या गेल्यावर मी म्हटलं, "बोर्डाचा हार मी ओवते." बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि सुई पुढे केली.

आदल्या संध्याकाळी ओसरीवर बसून मी तो हार ओवला. इतका चांगला हार मी त्याआधी ओवला नव्हता आणि नंतरही नाही. केशरी झेंडू, मध्ये पिवळ्याचे पट्टे, कुठेही दोरा दिसणार नाही असा. बाबांच्या पद्धतीनं तो काठाच्या बाहेरून पडायला हवा होता. मी माप हातात धरलं, आणि डाव्या अंगाला ते सोडून दिलं. तिथला पदर आत वळेल असा आखूड केला आणि त्याला गोंडा लावला. निशिगंधाचा, हलका, पंख्याच्या वाऱ्यावर झुलेल असा. आई पुरणाच्या कटाला फोडणी टाकत होती, तिचा वास घरभर सुटला होता, आणि मी गुणगुणत होते. आईनं विचारलंसुद्धा, "आज लय खुशीत हाय?"

सकाळच्या एसटीनं मी आणि बाबा अमरावतीला गेलो, मांडीवर फुलांची टोपली. क्लासची पोरं सरांच्या गाडीतून आली, मला त्यात जागा नव्हती. हॉल भरलेला होता. चांदूरबाजारचे, दर्यापूरचे, धारणीकडचे पालक, नवीन कपड्यांतली पोरं, पुढे सोफ्यावर पाहुणे. बाबांनी तोरण बांधलं, गणपतीला हार घातला आणि स्टुलावर चढून बोर्डाचा हार बांधायला लागले. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूला गोंडा काचेवर आला. बाबांचा हात थांबला. त्यांनी गोंडा बघितला, मग मान वळवून मला बघितलं. आता ते हार उतरवतील, असं मला वाटलं. त्यांनी गाठ मारली. तिच्यावर आणखी एक गाठ मारली, ओढून बघितली, आणि स्टुलावरून उतरून मागे भिंतीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, गर्दीत त्यांच्या लक्षात आलं नाही.

नारळ फुटला, भाषण झालं. सर म्हणाले की आमच्याकडे शिक्षण हसतखेळत होतं, आणि आता अथर्व ते दाखवेल. अथर्व ऐटीत डाव्या बाजूला उभा राहिला. समोर पाहुण्यांची मुलगी, सहावी-सातवीतली, दोन वेण्या घातलेली. वर पंखे जोरात. निळं मैदान भिंतभर पसरलं आणि लोक वा म्हणाले. अथर्वनं हात ठेवला, थापी आली, चकती निघाली, आणि थापी त्याच्या हाताखालून सुटून वर गोंड्यापाशी गेली. गोल. त्यानं हात झटकला, पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तो दोन्ही हातांनी काच चोळायला लागला, वाकला, उडी मारली, त्याचा शर्ट पँटीतून बाहेर आला. वेण्यावाली पोरगी आरामात गोलामागून गोल घालत होती. मागे कुणीतरी म्हातारं म्हणालं, "अबे, याले त खेळताच येत नाही!" आणि हॉल हसला. ते हसणं मी अजूनही अधूनमधून आठवते. झोप न येणाऱ्या दिवसांत फार उपयोगी पडतं.

सरांनी घाईघाईनं खेळ बंद करून धडा उघडला. पान उलटलं. त्यांनी परत आणलं, परत उलटलं. हृदयाच्या आकृतीवर आपोआप रेघोट्या उठल्या. बोर्ड बंद करून चालू केला. तेच. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला माणूस पाठवतो. सरांच्या मानेवरून घाम वाहत होता. पाहुणे घड्याळ बघत होते आणि पालक आपसांत बोलायला लागले होते. मी टोपली खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "सर, मी नीट करून देते."

सरांनी वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. "ये ये, लवकर."

"पण मला मनाई आहे ना सर."

दुसऱ्या रांगेतले एक धोतरवाले काका म्हणाले, "मनाई? कायची मनाई व बाई?"

"बोर्डाले हात लावाची," मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझे हात पिवळे रायतात. माह्या बाबाचं फुलाचं दुकान हाय. माह्या हातानं बोर्ड खराब होते म्हने."

"हे काय बोलणं झालं? पोरगी क्लासले येते अन् फळ्याले हात लावाची मनाई?" काकांनी सरांकडे बघितलं. आता सगळेच सरांकडे बघत होते. काकूंनी पदर तोंडाशी नेला. सर हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "तसं काही नाही. गैरसमज आहे. अगं, ये ना."

"तुम्ही म्हणा सर. मग लावते."

त्यांना कळलं होतं मला काय हवंय. पंखे फिरत होते आणि बोर्डावर रेघोट्या उठत होत्या.

"लाव हात," सर म्हणाले.

मी पुढे गेले. डाव्या हातानं गोंडा काचेवरून अलगद बाजूला धरला. रेघोट्या थांबल्या. हॉलमधून एक मोठा श्वास आला. उजव्या हातानं मी धडा बंद केला आणि निळं मैदान उघडलं. "अथर्व, एक डाव," मी म्हटलं. त्याला नाही म्हणता येईना, सगळे बघत होते. तो उजवीकडे उभा राहिला. मी एका हातात गोंडा धरून, एका हातानं खेळले, आणि त्याचा गोल मला इतका मोठा कधी दिसला नव्हता. तो एकही गोल घालू शकला नाही. शेवटी धोतरवाले काका शिट्टी वाजवत होते.

सर म्हणाले, "शाबास. असाच धरून ठेव, मी तोवर धडा घेतो."

मी गोंडा सोडून दिला. तो झुलत काचेवर जाऊन बसला आणि बोर्ड पुन्हा खरडायला लागला. "हार काढून टाका सर," मी म्हटलं. "पण पूजेचा हार हातानं काढत नाहीत ना? वाळू द्यावा लागतो." आणि काकूंकडे बघून नमस्कार केला, टोपली उचलली आणि बाहेर आले. मागे काकू आणि सर हलक्या आवाजात भांडत होते. पाडव्याच्या मुहूर्ताचा ताजा हार, आणि तो उतरवायचा कुणी.

त्यानंतर मी त्या क्लासला गेले नाही, घरीच अभ्यास केला. सर अजून आहेत. कधी पुलावर समोर येतात. लोक म्हणतात, शेवटी गुरू आहेत, नमस्कार कर. मी पलीकडच्या फुटपाथवर जाते, तेही त्यांच्या लक्षात येईल असं. मी शिकवते त्या शाळेत, माझ्या वर्गात आता तसाच बोर्ड आहे आणि मधल्या सुट्टीत पोरं त्यावर चकती खेळतात. मी त्यांना कधीच हात दाखवायला सांगत नाही. काच मी पुसते.

त्या दिवशी स्टँडवर परत येताना बाबा एका गाडीपाशी थांबले. बाहेरचं काही खायचं नाही, हा त्यांचा नियम. प्रवासातही आईनं बांधून दिलेली भाकरी-ठेचाच. ते म्हणाले, "दोन गिला वडा." दह्यात भिजलेले ते मऊ वडे आम्ही उभ्या उभ्या खाल्ले. बाबांनी आणखी एक प्लेट मागवली. मी हळूच त्यांच्याकडे बघत होते. मापाबद्दल ते काय म्हणतील याची मला सरांपेक्षा जास्त भीती वाटत होती.

एसटी निघाली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, बाबा खिडकीबाहेर बघत होते. मोकळी टोपली त्यांच्या मांडीवर होती आणि ते तिच्या काठावर बोटं फिरवत होते.

"माय," ते म्हणाले, खिडकीबाहेरच बघत. "गोंडा अजून चार बोटं खाली पायजे होता. मंग बाप काय, पोट्टा काय, दोघंबी पुरे बुडाले असते."